आंतरजालावरील दृक्-श्राव्य साधने आणि इतिहासलेखन

गावाचा, शाळेचा अथवा परिसराचा इतिहास लिहून काढण्याची प्रवृत्ती गेल्या काही वर्षांत राज्यात वाढीस लागली आहे, ही समाधानाची बाब होय. ग्रामपंचायतीचा सुवर्णमहोत्सव, शाळेची शतकपूर्ती, हुतात्मा स्मारकाचे नूतनीकरण अशा निमित्तांनी स्मरणिका निघतात, सभागृहात फलक लागतात, विद्यार्थ्यांची प्रदर्शने भरतात. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाच्या काळात या कार्यास विशेष चालना मिळाली. पूर्वी अशा लेखनासाठी जिल्हा गॅझेटियर, जुन्या दप्तरातील कागद आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी एवढीच सामग्री हाताशी असे. आज आंतरजालामुळे, म्हणजे इंटरनेटमुळे, जुनी छायाचित्रे, चित्रफिती व ध्वनिमुद्रणे खेड्यातील शिक्षकालाही घरबसल्या मिळू लागली आहेत.

ही सोय जितकी मोठी, तितकीच ती वापरणाऱ्याची जबाबदारीही मोठी आहे. १९४२ च्या आंदोलनात १६ ऑगस्ट रोजी चिमूर व आष्टी येथे आणि ९ सप्टेंबर रोजी वडूज येथे लोकांनी बलिदान केले. अशा प्रसंगी छायाचित्रकार उपस्थित असेलच असे नाही. स्मरणिकेत एखादे चित्र असावे या सदिच्छेने कोणी भलत्याच शहरातील मोर्चाचे छायाचित्र घेतो व त्याखाली आपल्या गावाचे नाव घालतो. पुढील वर्षीची स्मरणिका तेच चित्र पहिल्या स्मरणिकेच्या आधारे छापते. तिसऱ्या वर्षी एखादा विद्यार्थी ते पुरावा म्हणून मांडतो. चेहऱ्याखालचे नाव चुकले, तर ज्याने प्राण दिले त्याच्या जागी दुसराच भिंतीवर विराजमान होतो आणि ती चूक दुरुस्त करण्यास पुढे कोणी साक्षीदार उरत नाही. म्हणूनच या साधनांची पारख कशी करावी आणि त्यांचा संदर्भ कसा द्यावा, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

अस्सल आणि नक्कल

मराठी इतिहाससंशोधनाला ही पारख नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला, आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. त्या परंपरेने अस्सल पत्र कोणते, नक्कल कोणती आणि घटनेनंतर पुष्कळ काळाने लिहिलेली बखर कोणती, हा भेद अभ्यासकांच्या मनावर बिंबविला. पत्र हाती आले की त्याचा कागद, अक्षराचे वळण, शिक्का, मोर्तब, तिथी व वार यांचा मेळ पाहावयाचा. ते कोणाच्या दप्तरात सापडले हे नोंदवावयाचे. आणि मगच त्यातील मजकुरावर भिस्त ठेवावयाची, असा हा शिरस्ता आहे.

चित्रांच्या बाबतीतही ही दक्षता किती आवश्यक असते, याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. एके काळी इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच व्यक्तीचे चित्र शिवछत्रपतींचे म्हणून प्रचारात होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात परकीय साधनांचा शोध घेऊन महाराजांचे विश्वसनीय चित्र पुढे आणले, तेव्हा हा गैरसमज दूर झाला. छापील पुस्तकांच्या काळात एक चुकीचे चित्र इतके पसरू शकले, तर आजच्या वेगात काय होऊ शकेल याची कल्पना करता येते.

आंतरजालावर आपणांस जे दिसते ती नेहमीच नक्कल असते. पुष्कळदा नकलेची नक्कल असते. मूळ काचफलक, फिल्मचे रीळ किंवा तबकडी कोठे तरी एखाद्या संग्रहात असते. तिच्यावरून कोणी अंकीय प्रत केली, दुसऱ्याने ती कापून लहान केली, तिसऱ्याने तिला रंग दिले, चौथ्याने तिच्यावर आपली मोहोर उमटवली. अभ्यासकाचे काम या साखळीतून उलट दिशेने मुळाकडे जाण्याचे आहे. जेथवर तो पोहोचला तेथवरची वाट वाचकाला दाखवून देणे, हेच संदर्भाचे प्रयोजन होय.

काळाची चाळणी

सर्वांत सोपी व खात्रीची कसोटी काळाची आहे. छायाचित्रणाची पद्धत पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झाली. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ साली स्थापन झाली. तेव्हा १८०० साली निधन पावलेल्या नाना फडणविसांचे ‘मूळ छायाचित्र’ म्हणून कोणी काही दाखविल्यास ते फार तर एखाद्या रंगचित्राचे छायाचित्र असू शकेल, हे अधिक चौकशी न करताही सांगता येते.

हलत्या चित्रांचा पहिला खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी झाला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ साली मुंबईत कुस्तीचे चित्रीकरण केले. बोलपट भारतात १९३१ साली ‘आलम आरा’ने आला आणि मराठीत १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ने. यापूर्वीच्या भारतीय दृश्यांवर आज निवेदन, घोषणा किंवा संगीत ऐकू आले, तर ते बहुधा मागाहून जोडलेले आहे असे समजून चालावे. चित्र त्या दिवसाचे असेल. आवाज त्या दिवसाचा असेलच असे नाही. संदर्भ देताना या दोहोंची नोंद स्वतंत्रपणे केली पाहिजे.

ध्वनिमुद्रणालाही अशाच मर्यादा होत्या. भारतात तबकड्यांसाठी व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात सुरू झाले. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे ३ ते ४ मिनिटांचाच मजकूर मावत असे. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारी ध्वनिमुद्रणपद्धती येईपर्यंत गायकाला अथवा वक्त्याला कर्ण्यासमोर जवळ उभे राहून आवाज द्यावा लागे. म्हणून १९२० पूर्वीच्या उघड्यावरील जाहीर सभेतील अखंड पंधरा मिनिटांचे, टाळ्यांसह ऐकू येणारे स्वच्छ भाषण कोणी पुढे केले, तर ते कोणत्या यंत्राने व कोठे मुद्रित झाले, हा प्रश्न प्रथम विचारावा.

‘राजा हरिश्चंद्र’चे उदाहरण

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट ३ मे १९१३ रोजी मुंबईतील कॉरोनेशन सिनेमागृहात लोकांसमोर आला. हा चित्रपट चार रिळांचा होता. त्यातील पहिले व अखेरचे रीळ पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन केलेले आहे. परंतु ही रिळे १९१३ च्या चित्रपटाची नसून फाळके यांनीच १९१७ साली पुन्हा तयार केलेल्या ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ची असावीत, असे काही चित्रपट-इतिहासकारांचे मत आहे.

एखाद्या शिक्षकाने आंतरजालावर ‘भारताचा पहिला चित्रपट, १९१३’ अशा मथळ्याची चित्रफीत पाहिली आणि तिच्यावरून ‘१९१३ साली फाळके यांनी दृश्याची मांडणी अशी केली होती’ असे विधान केले, तर ते विधान डळमळीत पायावर उभे राहील. चित्रफीत खोटी नाही. दृश्ये फाळके यांचीच आहेत. तरी तिच्यावरील वर्षाविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. ही गोष्ट चित्रफितीच्या मथळ्यात आढळेलच असे नाही. ती संग्रहालयाच्या नोंदीतून व अभ्यासकांच्या लेखनातूनच कळते. यावरून दोन धडे मिळतात. चित्रफीत चढविणाऱ्याने दिलेला मथळा हा पुरावा नव्हे. आणि साधन अस्सल ठरले म्हणजे त्याचा काळही आपोआप ठरला, असे होत नाही.

याच्या जोडीला आणखी एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. फाळके यांच्या खटपटीवर ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा मराठी चित्रपट २००९ साली आला. महात्मा गांधींच्या जीवनावरील इंग्रजी चित्रपट १९८२ साली आला. अशा चित्रपटांतील दृश्यांचे रंग काढून टाकले की अनभ्यस्त डोळ्यांना ती जुनी वार्ताचित्रे भासू शकतात. चौकटीची ठेवण फारच रेखीव, चेहरे सर्वत्र प्रकाशात आणि कॅमेरा घटनेच्या ऐन मध्यभागी असेल, तर हे अभिनित दृश्य आहे काय, अशी शंका घेणे योग्य ठरते.

आवाजाची साक्ष

सर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाशी संबंधित ध्वनिमुद्रणे १९१३ ते १९२९ या काळात करण्यात आली. त्यांत मराठीसह अनेक भाषा व बोलींचे नमुने असून शिकागो विद्यापीठाच्या उपक्रमाद्वारे ती आंतरजालावर ऐकावयास मिळतात. शतकापूर्वीचा उच्चार कानांनी ऐकण्याची ही दुर्मीळ संधी आहे. मात्र त्यांतील पुष्कळसे नमुने बायबलमधील उधळ्या पुत्राच्या कथेच्या ठरलेल्या मजकुराचे आहेत. उच्चारांचा अभ्यास करणाऱ्यास ते मोलाचे. पण तत्कालीन लोक घरात वा बाजारात नेमके कसे बोलत, याची साक्ष त्यांतून मर्यादितच मिळेल. साधन कोणत्या हेतूने तयार झाले, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

महात्मा गांधींचे ईश्वरविषयक इंग्रजी भाषण ऑक्टोबर १९३१ मध्ये लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झाले. परंतु त्याचा मजकूर ‘यंग इंडिया’ मध्ये १९२८ सालीच प्रसिद्ध झाला होता. केवळ तबकडी ऐकून ‘१९३१ साली लंडनमध्ये गांधीजींना हे विचार सुचले’ असे लिहिणारा लेखक तीन वर्षांनी चुकेल. ध्वनिमुद्रणाचा काळ आणि मजकुराचा काळ या भिन्न बाबी आहेत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची बीबीसीने १९५५ साली ध्वनिमुद्रित केलेली मुलाखतही आज सहज ऐकता येते. अशा दीर्घ मुलाखतीतील अर्ध्या मिनिटाचा तुकडा प्रश्न वगळून, केवळ उत्तर ठेवून फिरविला गेला तर अर्थ पालटू शकतो. म्हणून नियम असा की, उद्धृत करावयाचे वाक्य पूर्ण ध्वनिमुद्रणात शोधावे, त्याच्या मागचापुढचा भाग ऐकावा आणि ते वाक्य कितव्या मिनिटाला येते हे संदर्भात नोंदवावे.

चित्राची तपासणी कशी करावी

समजा, १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुण्यात आलेल्या पुराचे म्हणून एक छायाचित्र आपणांकडे आले. प्रथम ते चित्र आंतरजालावरील ‘चित्रावरून शोध’ या सोयीने शोधावे. तेच चित्र अन्य शहराच्या, अन्य सालच्या पुराचे म्हणून पूर्वी आलेले आढळल्यास तेथेच थांबावे. एखाद्या ग्रंथालयाच्या वा संग्रहाच्या नोंदीत ते सापडल्यास ती नोंद प्रमाण मानून पुढे जावे.

त्यानंतर चित्राच्या आत पाहावे. दुकानाच्या पाटीवर सहा आकडी पिन कोड असेल, तर चित्र १५ ऑगस्ट १९७२ पूर्वीचे नाही. वाहनाच्या क्रमांकाआधी ‘एमएच’ ही अक्षरे असतील, तर ते १९८९ पूर्वीचे नाही. ‘महाराष्ट्र शासन’ असा फलक असल्यास ते १ मे १९६० नंतरचे होय. किमतीची पाटी आण्यांत आहे की नव्या पैशांत, हेही उपयोगी पडते. कारण दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून चलनात आली. मैलाचे दगड, विजेचे खांब, बसगाडीची घडण, पुलाच्या कमानी अशा लहानसहान गोष्टी जाणत्या माणसाला बरेच काही सांगून जातात. येथे गावातील वृद्ध कारागीर, निवृत्त बसचालक अथवा दुकानदार यांचे साहाय्य तज्ज्ञाइतकेच मोलाचे ठरते.

शेवटी बाहेरचा आधार शोधावा. त्या आठवड्यातील पुण्याची दैनिके, शासकीय अहवाल आणि पूर पाहिलेल्या व्यक्तींची निवेदने यांच्याशी चित्र पडताळावे. जुळले तर ‘पानशेत पूर, १९६१’ असे लिहावे. अंशतः जुळले तर ‘पानशेत पुराचे असल्याचे सांगितले जाते, स्वतंत्र पुरावा उपलब्ध नाही’ असे स्पष्ट लिहावे. या एका वाक्याने लेखनाची प्रतिष्ठा कमी न होता वाढते.

यंत्रनिर्मित प्रतिमा

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने न घडलेल्या प्रसंगाचे ‘जुने छायाचित्र’ तयार करणे किंवा दिवंगत नेत्याच्या आवाजात नवे भाषण रचणे आता शक्य झाले आहे. बोटांची संख्या, सावल्यांची दिशा, पाट्यांवरील निरर्थक अक्षरे अशा खुणांवरून काही प्रतिमा ओळखू येतात. परंतु तंत्र सुधारेल तशा या खुणा नाहीशा होतील. त्यामुळे डोळ्यांपेक्षा साखळीवर विश्वास ठेवणे श्रेयस्कर होय. मूळ प्रत कोणाकडे आहे, तिचा नोंदणी क्रमांक काय आणि ती यापूर्वी कोठे छापली गेली, या प्रश्नांना उत्तर नसलेले चित्र कितीही सुंदर असले तरी पुरावा म्हणून वापरू नये. जुन्या छायाचित्राला मागाहून रंग दिलेले असल्यास तसे सांगावे. पागोट्याचा अथवा झेंड्याचा रंग अशा चित्रावरून ठरवू नये.

संदर्भ कसा द्यावा

‘सौजन्य : इंटरनेट’ ही ओळ अनेक स्मरणिकांत आढळते. ‘सौजन्य : एक ग्रंथालय’ असे लिहिण्याइतकीच ती निरुपयोगी आहे. दृक्-श्राव्य साधनाच्या संदर्भात पुढील बाबी क्रमाने याव्यात : निर्मात्याचे नाव, साधनाचे शीर्षक, प्रकार, म्हणजे छायाचित्र, चित्रफीत अथवा ध्वनिमुद्रण, मूळ निर्मितीचे स्थळ व वर्ष, मूळ प्रत बाळगणारी संस्था व तिचा नोंदणी क्रमांक, आंतरजालावर चढविणाऱ्याचे नाव व चढविल्याची तारीख, पूर्ण पत्ता, आपण पाहिल्याची तारीख, आणि चित्रफीत वा ध्वनिमुद्रण असल्यास नेमके मिनिट व सेकंद.

उदाहरणार्थ, वर चर्चिलेल्या मूकपटाचा संदर्भ असा होईल : ‘राजा हरिश्चंद्र, मूकपट, दिग्दर्शक दादासाहेब फाळके, १९१३ (उपलब्ध रिळे काहींच्या मते १९१७ ची), पहिले व अखेरचे रीळ, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, पुणे, आंतरजालावरील प्रत अमुक वाहिनीने अमुक तारखेस चढविलेली, पूर्ण पत्ता, अमुक तारखेस पाहिली, मिनिट ३, सेकंद १० पासून.’ गावातील कुटुंबाकडून मिळालेल्या छायाचित्राखाली ‘कुटुंबाच्या संग्रहातून, ओळख पटविणाऱ्याचे नाव, नाते व निवेदनाची तारीख’ एवढे यावे. छायाचित्रकार अज्ञात असेल तर ‘अज्ञात’ असे लिहावे. जागा रिकामी ठेवू नये.

निर्मितीची तारीख आणि चढविल्याची तारीख यांची गल्लत हा सर्वाधिक आढळणारा दोष आहे. १९६० च्या राज्यस्थापना सोहळ्याची चित्रफीत २०१४ साली चढविली गेली, तर २०१४ हे तिचे वर्ष नव्हे. तरीही दोन्ही तारखा हव्यात. कारण आंतरजालावरील पत्ते स्थिर नसतात. १९४८ साली स्थापन झालेला फिल्म्स डिव्हिजन आणि १९६४ साली पुण्यात स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांचे २०२२-२३ च्या सुमारास राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झाले. संस्थांची अशी पुनर्रचना झाली की संकेतस्थळांचे पत्तेही बदलू शकतात. पत्ता मोडला तरी शीर्षक, वर्ष व नोंदणी क्रमांक यांवरून वाचक मुळापर्यंत पोहोचू शकतो. महत्त्वाच्या पानाची प्रत संग्रहित करून ठेवणाऱ्या संकेतस्थळांचाही उपयोग करून घ्यावा.

स्वामित्वहक्काचाही विसर पडू देऊ नये. १९५७ च्या कायद्यानुसार चित्रपट व ध्वनिमुद्रणे यांना सर्वसाधारणपणे प्रसिद्धीनंतर ६० वर्षांपर्यंत, तर छायाचित्रांना छायाचित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत संरक्षण मिळते. खासगी अभ्यास व संशोधन यांसाठी न्याय्य वापरास मुभा आहे. स्मरणिकेत छापण्यापूर्वी मात्र संबंधित संस्थेची अनुमती घेणे इष्ट. आणि जी कुटुंबे आपल्या घरातील छायाचित्र विश्वासाने देतात, त्यांना मूळ प्रत जशीच्या तशी परत करणे हे कायद्याच्याही आधीचे कर्तव्य आहे.

गावपातळीवर काय करता येईल

प्रत्येक शाळेने व ग्रामपंचायतीने एक साधी नोंदवही ठेवावी. तिच्यात प्रत्येक चित्रास क्रमांक द्यावा व ते कोठून, कोणाकडून, केव्हा मिळाले, ओळख कोणी पटविली आणि कोणती शंका शिल्लक आहे, हे लिहावे. फलकावर चित्राबरोबर हा क्रमांकही छापावा. इतिहासाच्या तासाला शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एकच चित्र देऊन त्याच्या मुळाचा शोध घेण्यास सांगावे. जे चुकीचे ठरेल ते शांतपणे उतरवावे आणि का उतरवले हेही नोंदवहीत लिहून ठेवावे, म्हणजे पुढची पिढी तीच चूक पुन्हा करणार नाही.

ज्या हुतात्म्याचे छायाचित्र मिळत नाही, त्याच्या नावासमोरील चौकट रिकामी राहिली तरी त्यात गावाला कमीपणा नाही. तेथे त्याचे नाव, गाव, घटनेची तारीख आणि ज्या कागदात ती नोंद सापडली त्याचा उल्लेख असावा. एखाद्या दिवशी जुन्या पेटीतून, नातेवाइकाकडून अथवा दूरच्या संग्रहातून त्याचे खरे छायाचित्र येईल, तेव्हा त्याची जागा राखलेली असेल. ती जागा परक्या चेहऱ्याने न भरणे, ही त्या बलिदानाची राखलेली बूज होय.